यकृताच्या वाटेवरील रक्तदाब

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९५६ साली झाली, आणि त्याच्याशी जोडलेले रुग्णालय, ज्याला अवघा मराठवाडा नुसते ‘घाटी’ म्हणून ओळखतो, ते जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून थेट वऱ्हाडातल्या बुलढाण्यापर्यंतच्या गोरगरीब आजाऱ्यांचे हक्काचे ठिकाण होऊन बसले. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयातून, यकृताच्या जुनाट दुखण्याने पोखरलेला, एकाएकी रक्ताची उलटी होऊन दाखल झालेला आणि दुर्बिणीतून उपचार होऊन सुदैवाने वाचलेला रुग्ण जेव्हा घरी जावयास निघतो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर इतर औषधांच्या जोडीला बहुधा एक अशी गोळी लिहिलेली असते, की जी सामान्य माणसाच्या दप्तरी रक्तदाबाची गोळी म्हणून नोंदलेली आहे. ‘ह्यांना तर बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?’ ही नातेवाइकांची शंका अगदी रास्त होय. पुष्कळदा ती मनातच राहते, आणि तिचे निरसन न झाल्यामुळे गोळी काही दिवसांनी परस्पर बंद होते. त्या शंकेचे उत्तर सविस्तर देणे अगत्याचे आहे. कारण त्या उत्तरावर कित्येकांचे प्राण अवलंबून असतात, आणि ते उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राने जी कसोटी स्वतःला लावून घेतली, तीही समजून घेण्याजोगी आहे.

शरीरातील बहुतेक अवयवांना रक्त मिळते ते थेट हृदयाकडून. यकृताची व्यवस्था मात्र निराळी आहे. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि पानथरी यांतून फिरून आलेले रक्त परत हृदयाकडे न जाता एका जाड नीलेत एकवटते आणि प्रथम यकृतात रुजू होते. या नीलेला डॉक्टर पोर्टल नीला म्हणतात. ती लांबीने जेमतेम आठ सेंटिमीटर असली, तरी यकृताला मिनिटाला जे सुमारे दीड लिटर रक्त मिळते, त्याचा तीनचतुर्थांश भाग तिच्यातून येतो. अन्नातून शोषलेले सारे काही, पोषक असो वा विषारी, या वाटेने यकृतापुढे येते. यकृत त्याची छाननी करते, उपयुक्त ते साठवते, घातक त्याची विल्हेवाट लावते, आणि मगच ते रक्त शरीरात सर्वत्र फिरण्यासाठी पुढे सोडते. निरोगी यकृत इतके मृदू आणि सच्छिद्र असते, की एवढा प्रवाह त्यातून जवळजवळ विनाअडथळा वाहतो. नीलेतील दाब यकृतात शिरताना आणि बाहेर पडताना मोजला, तर त्यातला फरक पाऱ्याच्या एक ते पाच मिलिमीटरांपलीकडे जात नाही.

दारू, कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांचे विषाणू, किंवा स्थूलता व मधुमेह यांच्या संगतीने यकृतात साठणारी चरबी, यांपैकी कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे जखमा होत राहिल्या, की त्या भरून येताना यकृतात तंतुमय व्रणांचे जाळे विणले जाते; त्याचे मऊ शरीर कठीण आणि गाठाळ होत जाते. यालाच सिरॉसिस म्हणतात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या या शहरासाठी जी नहर-ए-अंबरी बांधवली, तिच्या खापरी नळात एखाद्या ठिकाणी गाळ व मुळ्या साचल्या, तर मागच्या बाजूस पाण्याचा जोर वाढून ते जिथे सांधा कच्चा असेल तिथून फुटून निघेल. पोर्टल नीलेत घडते ते अगदी तसेच. यकृतातून वाट न मिळालेले रक्त आडवाटा धुंडाळते आणि जठराच्या वरच्या भागातील व अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या बारीक नीलांतून वर सरकू लागते. एवढा भार वाहण्यासाठी त्या नीला घडलेल्याच नसतात. त्या फुगतात, नागमोडी होतात, आणि दुर्बिणीतून पाहता अन्ननलिकेच्या भिंतीवर निळसर दोरखंड उठलेले दिसतात. त्यांच्यावर लाल वळ उमटलेले असले, तर भिंत अतिशय पातळ झाली असून ती फुटण्याची वेळ समीप आली आहे, असे जाणकार डॉक्टर ओळखतो. ती फुटली, की रक्ताची उलटी होते, किंवा डांबरासारखी काळी शौचास होते. उपचारांत एवढी प्रगती होऊनही अशा रक्तस्रावानंतर सहा आठवड्यांच्या आत शेकडा १५ ते २० रुग्ण दगावतात.

या विकाराची लक्षणे आपल्या प्राचीन वैद्यांच्या दृष्टीतून सुटली नव्हती. चरकसंहितेत उदररोगांचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्लीहोदर, म्हणजे पानथरी वाढून पोट मोठे होणे, आणि जलोदर, म्हणजे पोटात पाणी होणे, हे दोन स्वतंत्रपणे वर्णिले असून यकृताच्या वृद्धीचा विचार प्लीहोदराच्या सोबतच केलेला आहे. यकृत, पानथरी आणि पोटातील पाणी यांना एका सूत्रात ओवणारी वस्तू म्हणजे पोर्टल नीलेतील वाढलेला दाब होय, हे मात्र दाब मोजण्याचे साधन हाती आल्यावरच सिद्ध झाले. १९५१ साली मायर्स आणि टेलर या संशोधकांनी त्यासाठी एक कुशल युक्ती प्रसिद्ध केली. बारीक नळी नीलांच्या मार्गाने यकृतातून बाहेर पडणाऱ्या शाखेत सारायची, ती शाखा नळीने तात्पुरती अडवायची, आणि मागे थोपलेल्या रक्ताचा दाब मोजायचा. शाखा मोकळी असतानाचा दाब त्यातून वजा केला, की यकृताने घातलेल्या अडथळ्याचे माप मिळते. आज ही तपासणी मानेतील नीलेतून नळी घालून व तिच्या टोकावरील चिमुकला फुगा फुगवून करतात. हा फरक १० मिलिमीटरांवर गेला की संकटांना प्रारंभ होतो, आणि तो १२ च्या आत असेल तर फुगलेल्या नीला सहसा फुटत नाहीत, ही दोन परिमाणे पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरली.

आता औषधाची हकीकत. एका कामासाठी जन्मलेले औषध दुसऱ्याच कामी यावे, याची परंपरा आपल्या महाराष्ट्राला अपरिचित नाही. उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंश यांवर देशी वैद्य ज्या सर्पगंधेची मुळी देत असत, ती वाढलेल्या रक्तदाबावर निश्चितपणे गुणकारी आहे, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांच्या काटेकोर निरीक्षणांती १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले, आणि त्या निबंधाने पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वेधले, १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार लाभला. प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा जन्म याहून निराळा, प्रयोगशाळेतला. जेम्स ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील अंमल रोखून हृदयशूळ शमवावा या हेतूने ते घडवले. १९६४ मध्येच लंडनच्या ब्रायन प्रिचर्ड यांनी ते रक्तदाबही उतरवते असे दाखवून दिले, आणि पुढे ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जगभर कोट्यवधी लोक ती गोळी रक्तदाबासाठी घेऊ लागले.

यकृताशी तिचा संबंध जोडला तो पॅरिसजवळच्या क्लिशी येथील बोजाँ रुग्णालयातील दिदिये लेब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. वाहणाऱ्या पदार्थाचा दाब कमी करण्याचे मार्ग दोन : अडथळा दूर करणे, किंवा येणारा प्रवाह आवरणे. कठीण झालेले यकृत पुन्हा मऊ करण्याचे औषध त्या काळी कोणाजवळ नव्हते. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. प्रोप्रॅनोलॉल हृदयाच्या ठोक्यांची गती व जोर कमी करते, आणि शिवाय पोटातील अवयवांच्या रोहिणी सैल पाडणारी जी आज्ञा असते, तिला अटकाव करून त्या रोहिणी आवळू देते. परिणामी पोर्टल नीलेकडे जाणारे रक्तच घटते. १९८० साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हा दाब उतरतो असे दाखवले, आणि १९८१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आपल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकदा रक्तस्राव होऊन गेलेल्या ७४ रुग्णांपैकी काहींना प्रोप्रॅनोलॉल आणि बाकीच्यांना औषधी गुण नसलेली गोळी दिली होती. वर्षअखेर औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ९६ जणांना पुन्हा रक्तस्राव झाला नव्हता. दुसऱ्या गटात हेच प्रमाण शेकडा ५० होते.

इतका लखलखीत निकाल लागल्यावर विषय संपला असे कोणालाही वाटले असते. परंतु शास्त्राची वहिवाट तशी नाही. १९८३ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील अँड्र्यू बरोज यांच्या गटाने तशीच चाचणी घेतली, आणि त्यांना औषधाचा काहीच लाभ आढळला नाही. दोन प्रामाणिक संशोधक-गट, एकच औषध, आणि परस्परविरुद्ध निकाल! खोलात शिरल्यावर उलगडले ते असे, की पॅरिसच्या रुग्णांची यकृते बहुतांशी अद्याप बऱ्या अवस्थेत होती, तर लंडनच्या रुग्णांत आजाराच्या सर्व पायऱ्यांवरचे लोक मिसळलेले होते. हा भेद ध्यानात ठेवून पुढे अनेक चाचण्या झाल्या. त्यांपैकी १९८७ सालच्या फ्रान्समधील २३० रुग्णांच्या चाचणीने, पहिला रक्तस्राव होण्यापूर्वीच गोळी दिल्यास तो टाळता येतो असे दाखवले, आणि सर्वांचा साकल्याने विचार करता औषधाच्या बाजूने कौल पडला.

या औषधाची परीक्षा आपल्या देशातही झाली. १९९९ साली नवी दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉ. शिवकुमार सरीन आणि सहकाऱ्यांनी, फुगलेल्या मोठ्या नीला असलेल्या पण रक्तस्राव न झालेल्या ८९ रुग्णांवर प्रोप्रॅनोलॉल आणि दुर्बिणीतून नीलांना रबरी बँड लावणे या दोन उपायांची तुलना केली. अठरा महिन्यांत रक्तस्रावाचा संभव गोळीच्या गटात शेकडा ४३, तर बँडच्या गटात शेकडा १५ आढळला. या निकालाने बँडला मान्यता मिळाली, पण गोळी बाद ठरली नाही. कारण बँड फुटू पाहणारी नीला बांधतो, तर गोळी तिच्यामागच्या दाबाला हात घालते. एकदा रक्तस्राव होऊन गेलेल्यांना आज दोन्ही उपाय एकत्र देण्याची शिफारस आहे ती याच कारणास्तव.

येथे एक तपशील वाचकाने पक्का ध्यानी धरावा. रक्तदाबाची प्रत्येक गोळी हे काम करीत नाही. अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही त्याच कुळातील, आणि घरोघरी घेतली जाणारी, औषधे मुख्यतः हृदयापुरती काम करतात. पोटातील रोहिणींवर त्यांचा तसा अंमल नाही. लोसार्टन या दुसऱ्या कुळातील औषधाचे उदाहरण अधिकच बोधप्रद आहे. ते पोर्टल नीलेतील दाब जवळजवळ निम्म्यावर आणते, असा निष्कर्ष १९९९ साली जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या यकृततज्ज्ञांत मोठी आशा उत्पन्न झाली; पण २००१ साली बार्सिलोनाच्या गटाने प्रोप्रॅनोलॉलशी समोरासमोर तुलना केली, तेव्हा लोसार्टनने दाब फारसा उतरत नाही, उलट मूत्रपिंडाचे कार्य मात्र खालावते, असे आढळून आले. ज्यांच्या पोटात पाणी झाले आहे, अशा रुग्णांना या कुळातील औषधे देऊ नयेत, हा आजचा दंडक आहे. पहिल्या आशादायक बातमीवर विसंबून औषध वाटले गेले असते, तर केवढा अनर्थ ओढवला असता!

खुद्द प्रोप्रॅनोलॉलची मर्यादा कळून आली ती याहूनही अधिक विचारप्रवर्तक रीतीने. २०१० साली, ज्या बोजाँ रुग्णालयात या उपचाराचा जन्म झाला, तिथूनच एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या लेखकांत स्वतः लेब्रेकही होते. पोटातील पाणी कोणत्याही औषधाने हटत नाही, अशा अखेरच्या अवस्थेतील १५१ रुग्णांचा मागोवा घेता, गोळी न घेणाऱ्यांत वर्षभर जगण्याचा संभव शेकडा ६४, तर घेणाऱ्यांत अवघा १९ निघाला. ती चाचणी नव्हे, निरीक्षण होते. दोन्ही गट सारखेच आजारी होते अशी खातरजमा त्यात नव्हती, आणि पुढील काही अभ्यासांचे निष्कर्ष वेगळेही आले. तरी त्यातून एक तत्त्व निघाले. आजार बळावल्यावर शरीराच्या रोहिणी इतक्या सैलावतात आणि रक्तदाब इतका खालावतो, की हृदयाच्या वाढलेल्या गतीवरच मूत्रपिंडाचा निभाव लागतो. तो आधारच गोळीने काढून घेतला तर उपकारक औषध अपकारक ठरते. तीस वर्षे ज्या शोधाने आपले नाव जगभर गाजले, त्याच शोधाचा धोका आपणच जगापुढे मांडणे, ही वैद्यकाच्या इतिहासातील आदरास पात्र अशी कृती होय.

त्यानंतरच्या संशोधनाने औषधाची योग्य वेळ अधिक नेमकी ठरवली. स्पेनमधील आठ रुग्णालयांनी मिळून केलेल्या आणि २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचा पोर्टल दाब १० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त आहे, पण पोटात पाणी, रक्तस्राव यांपैकी काहीच झालेले नाही, अशा २०१ रुग्णांना निवडले होते. निम्म्यांना प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, आणि निम्म्यांना गुणहीन गोळी दिली असता, पहिल्या गटात शेकडा १६ तर दुसऱ्या गटात शेकडा २७ जणांची प्रकृती ढासळली किंवा मृत्यू ओढवला. हा लाभ मुख्यतः पोटात पाणी होणे टळल्यामुळे झाला. कार्व्हेडिलॉल हे रक्तदाबाचे आणि दुबळ्या हृदयाचे आणखी एक औषध; ते प्रोप्रॅनोलॉलप्रमाणे प्रवाह तर घटवतेच, शिवाय यकृताच्या आतील बारीक वाहिन्या काहीशा सैल करून अडथळाही थोडा हलका करते. इटलीतील बावेनो या गावाच्या नावाने १९९० पासून यकृततज्ज्ञांची जी परिषद भरत आली आहे, तिच्या २०२१ च्या सातव्या बैठकीने अशा रुग्णांसाठी कार्व्हेडिलॉलला अग्रक्रम दिला.

हे औषध देण्याची प्रत्यक्ष रीत साधी असली, तरी तीत दक्षता लागते. प्रोप्रॅनोलॉल थोड्या मात्रेने सुरू करून, नाडीचे ठोके विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला ५५ ते ६० वर येईपर्यंत क्रमाक्रमाने वाढवतात. कार्व्हेडिलॉल बहुधा दिवसाला सव्वासहा मिलिग्रॅमने आरंभून साडेबारापर्यंत नेतात. मनगटावर दोन बोटे ठेवून, घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजणे, आणि ते वहीत टिपून पुढच्या तपासणीस दाखवणे, एवढे काम शाळकरी नातवंडालाही करता येईल, आणि डॉक्टरला मात्रा ठरवण्यास त्याची मोठी मदत होते. वरचा रक्तदाब ९० च्या खाली गेला, लघवी कमी झाली, मूत्रपिंडाच्या तपासणीत बिघाड दिसला, किंवा अंगात गंभीर जंतुसंसर्ग शिरला, तर मात्रा कमी करावी लागते किंवा औषध थांबवावे लागते. दमेकऱ्यांना ही औषधे वर्ज्य होत, कारण ती श्वासनलिका आवळतात; इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने विशेष सावध राहावे, कारण साखर उतरल्यावर जी धडधड इशारा देते, ती या गोळीने दबते. उलटपक्षी, बरे वाटते म्हणून गोळी एकाएकी सोडून देणे हेही तितकेच घातक आहे. कारण दाब पुन्हा चढतो आणि रक्तस्रावाचे भय परत येते. चालू असलेला रक्तस्राव थांबवण्यासाठी मात्र ही गोळी नाही. रक्ताची उलटी किंवा काळी शौचास झाली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

प्रोप्रॅनोलॉल आज आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत समाविष्ट आहे आणि ते स्वस्तही आहे. म्हणजे मराठवाड्यातील गरिबातल्या गरीब रुग्णाच्या आणि या चाळीस वर्षांच्या ज्ञानाच्या मध्ये पैशाची भिंत फारशी उभी नाही, उभी आहे ती समजुतीच्या अभावाची. डॉक्टरने कार्डावर गोळी लिहिताना ‘ही रक्तदाबासाठी नव्हे, पोटातल्या शिरा फुटू नयेत म्हणून आहे’ एवढे एक वाक्य रुग्णाच्या बोलीत सांगावे, आणि रुग्णाच्या घरच्यांनी ते समजेपर्यंत निःसंकोचपणे विचारावे. शेजाऱ्याला लागू पडलेली बीपीची गोळी यकृताच्या रुग्णाने आपल्या मनाने घेऊ नये, आणि आपली गोळी आपल्या मनाने बंदही करू नये.

गोळी कितीही गुणकारी असली, तरी ती कठीण झालेल्या यकृताचा दाब सांभाळते. यकृत कठीण होऊ न देणे हे काम आपले आहे. दारू सोडावी, पोटाचा घेर आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी, घरात जन्मलेल्या बाळाला कावीळ ‘ब’ची लस पहिल्या चोवीस तासांत मिळाली की नाही, याची चौकशी करावी. २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ‘ब’ आणि ‘क’ या दोन्ही काविळींची तपासणी व औषधे सरकारी रुग्णालयांत विनामूल्य देण्याची तजवीज आहे. ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवले आहे, किंवा ज्यांच्या घरात कोणाला यकृताचा विकार आहे, त्यांनी ही तपासणी एकदा अवश्य करून घ्यावी.